चार पानांच्या ऑनलाइन फॉर्ममधली माहिती जपायची कशी?

नागपुरात मानेवाडा, सक्करदरा, धरमपेठ अशा भागांत अभ्यासिका भरपूर. तशाच एका अभ्यासिकेसाठी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म करायचा आहे, असं धरून चालू. पहिल्या पानावर नाव-पत्ता, दुसऱ्यावर बॅच आणि खुर्ची क्रमांक, तिसऱ्यावर फोटो, चौथ्यावर फी. एकेक पान सुटं करून पाहिलं तर सोपं आहे. चारही जोडली की भानगडी सुरू होतात. मागे गेलं की पत्ता गायब. रिफ्रेश केलं की अर्ज दोनदा जमा. पैसे भरून परत आलं तर साइट विचारते, ‘आपण कोण?’

त्यात हे फॉर्म भरणारं माणूस दरवेळी विद्यार्थीच असेल असं नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा कॉलेजच्या आसपास ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात काउंटरवरचा पोट्टा एकाच कॉम्प्युटरवर, एकाच ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून चार जणांचे अर्ज एकदम भरतो. नवख्याने लिहिलेला फॉर्म इथे हमखास आपटतो. म्हणून पुढची सगळी मांडणी त्या चार टॅबसाठी केली आहे. तिथे टिकलं तर घरच्या मोबाईलवर टिकतंच.

उदाहरणं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) धरून दिली आहेत, कारण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटमध्ये वाटलेल्या सर्व्हरवर, हेच मिळतं. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत.

आधी डोळ्यांनी पाहून घ्या

क्रोममध्ये एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा. ती टिक नसेल तर पान बदललं की आधीची यादी पुसली जाते आणि नेमकं जे पाहायचं तेच दिसत नाही. आता कुठलाही फॉर्म भरून पाठवा आणि यादीतल्या ‘पोस्ट’ विनंतीवर, म्हणजे भरलेली माहिती पाठवणाऱ्या विनंतीवर, क्लिक करा. वेबपत्ता (यूआरएल), हेडर (विनंतीसोबतच्या सूचना) आणि भरलेली माहिती एवढंच सर्व्हरकडे गेलेलं दिसेल. सर्व्हर उत्तर देतो आणि विसरतो. पुढची विनंती आली की ती त्याच माणसाची आहे हे एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांना) ठाऊक नसतं, ते विनंतीबरोबर पुन्हा सांगावं लागतं. दोन पानांमध्ये जे काही ‘लक्षात राहतं’ ते तुम्ही कुठेतरी ठेवलेलं असतं म्हणून. कुठे ठेवायचं, हाच खरा निर्णय.

ठेवायच्या जागा

वेबपत्त्यातच, म्हणजे प्रश्नचिन्हानंतर माहिती जोडणं सगळ्यात सोपं. पण ती ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते आणि लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली की सोबत जाते. अर्जाचा क्रमांक वेबपत्त्यात चालेल, मोबाईल नंबर नाही.

हिडन फील्ड, म्हणजे फॉर्ममधला पडद्यावर न येणारा रकाना, दिसत नाही म्हणून लपलेलं आहे, असा समज करून घेऊ नका. एफ-१२ दाबून ‘एलिमेंट्स’मध्ये गेलं की ₹९०० फीचा ₹१ करायला पाच सेकंद लागतात. फी, सवलत, ‘पैसे भरले’ची खूण यांतलं काहीही हिडन फील्डमधून परत घेऊ नये. फी दरवेळी सर्व्हरवर, बॅचवरून नव्याने काढायची. फॉर्मची आवृत्ती किंवा सुरक्षा टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला हे ओळखायची गुप्त खूण) यांना मात्र हिडन फील्ड हीच योग्य जागा, कारण ते सर्व्हर तपासूनच घेतो.

कुकी ही ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चिठ्ठी, १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी आणलेली. ब्राउझर ती प्रत्येक विनंतीला आपोआप सोबत पाठवतो. एका कुकीला साधारण ४,०९६ बाइट मिळतात. इंग्रजीत हे पुष्कळ वाटतं, पण मराठीचा हिशेब वेगळा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी ही सुटी चिन्हं म्हणून मोजली जातात. कुकीत ते टक्क्याच्या खुणांनी लिहावं लागतं, दर बाइटला टक्का आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. ‘नागपूर’मध्ये अशी ६ चिन्हं आहेत, म्हणून एवढ्या एका शब्दाला ५४ अक्षरं लागतात. सगळी कुकी मिळून साडेचारशेच्या आसपास चिन्हं मावतात. नाव, आईचं नाव आणि ‘हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’ छापाचा लांबलचक पत्ता टाकला की ही जागा झपाट्याने भरते. त्यात गंमत अशी की मर्यादा ओलांडली तर बहुतेक वेळा त्रुटी दिसत नाही, ब्राउझर कुकी मुकाट टाकून देतो.

सेशनमध्ये माहिती सर्व्हरवर राहते आणि कुकीत फक्त ओळखक्रमांक जातो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसा हा बिल्ला. चपला त्यांच्याकडे, नंबर तुमच्याकडे. पीएचपीत सहसा या कुकीचं नाव ‘पीएचपीसेसआयडी’ आणि जावात ‘जेसेशनआयडी’ असतं.

लोकल स्टोरेज ब्राउझरमध्येच असतं, साधारण ५ एमबी. कीबोर्डवर चालू असलेला मजकूर तात्पुरता सांभाळायला ते बरं. पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत तसंच राहतं. आधार क्रमांक तिथे ठेवणं म्हणजे तो काउंटरवर उघडा ठेवण्यासारखं.

सेशनमध्ये अख्खा फॉर्म का ठेवायचा नाही

बहुतेक शिकवण्यांमध्ये हेच सांगतात: पहिल्या पानाची माहिती सेशनमध्ये टाका, दुसऱ्याची टाका, शेवटी एकदम डेटाबेसमध्ये लिहा. घरी करून पाहिलं तर ते चालतंही.

दुकानात काय होतं बघा. टॅब एकमध्ये पहिल्या मुलीचं नाव-पत्त्याचं पान भरून पुढे गेलं, ते सेशनमध्ये गेलं. टॅब दोनमध्ये दुसऱ्या मुलाचं तेच पान भरलं. ब्राउझर एकच, कुकी एकच, म्हणून सेशनही एकच. मुलीच्या नाव-पत्त्यावर मुलाचा नाव-पत्ता बसला. आता टॅब एकमध्ये खुर्ची निवडून, फोटो देऊन अर्ज जमा केला तर फोटो मुलीचा आणि नाव मुलाचं. कुठेही त्रुटी नाही, लाल अक्षरं नाहीत. महिनाभराने ओळखपत्र छापताना कळतं.

दुसरं कारण वेळेचं. पीएचपीत सेशनचं आयुष्य मुळात १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं ठरवलेलं असतं. पण जुन्या फाइली झाडण्याचं काम मूळ सेटिंगप्रमाणे सरासरी शंभरातल्या एका विनंतीला होतं. तुमच्या लॅपटॉपवर विनंत्याच मोजक्या, म्हणून सेशन दोन-दोन तास जिवंत राहतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. वर्दळीच्या सर्व्हरवर २५व्या मिनिटाला ते जाऊ शकतं. शेअर्ड होस्टिंगवर सगळ्यांच्या सेशन फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर शेजारच्या साइटने लावलेली कमी मुदत तुमच्याही फाइली झाडून नेते, तुम्ही स्वतःची मुदत कितीही वाढवा. दाखल्याचा नंबर शोधायला घरी फोन लावला, तेवढ्यात लाइट गेली, परत येऊन ‘पुढे’ दाबलं आणि पहिलं पान कोरं! यावर मुदत वाढवत बसणं हा इलाज नाही. अर्धवट अर्ज डेटाबेसमध्ये ठेवायचा.

वाटणी अशी करा. कुकीत फक्त सेशनचा क्रमांक. सेशनमध्ये सुरक्षा टोकन, एकदाच दाखवायचा संदेश आणि या ब्राउझरला कोणते अर्ज उघडायची परवानगी आहे त्यांची यादी. अर्जाची माहिती डेटाबेसमधल्या कच्च्या अर्जात. कोणता कच्चा अर्ज, हे वेबपत्त्यात.

पायरी १: कच्च्या अर्जाचा तक्ता

एक तक्ता पुरतो. रकाने असे: अर्ज-खूण (३२ अक्षरी, प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख), मोबाईल, माहिती (जेसन, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा मजकूर), पुढची पायरी, आवृत्ती (आकडा, सुरुवात १ पासून), स्थिती (कच्चा, फी बाकी, पक्का), तयार झाल्याची वेळ, बदलल्याची वेळ. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा.

अर्ज-खुणेसाठी डेटाबेसचा चढता आकडा वापरू नका. वेबपत्त्यात १०४३ दिसलं की कुणीतरी १०४४ टाकून बघणारच. पीएचपीच्या रँडम_बाइट्समधून १६ बाइट घेऊन बिन२हेक्स केले की ३२ अक्षरांची खूण मिळते, तिचा अंदाज बांधता येत नाही. तरी तेवढ्यावर भिस्त ठेवायची नाही, कारण वेबपत्ता व्हॉट्सअॅपवर फिरतो. म्हणून सुरुवातीला मोबाईल नंबर घ्या, ओटीपी तपासा आणि तो बरोबर आला की ही खूण सेशनमधल्या परवानगीच्या यादीत टाका. प्रत्येक पान उघडताना आणि जमा होताना खूण यादीत आहे का ते बघा. नसेल तर ओटीपीच्या पानावर पाठवा.

लक्षात घ्या, परवानगी अर्जाला जोडली आहे, ‘लॉगिन झालेला माणूस कोण’ याला नाही. त्यामुळे चार टॅबमध्ये चार वेगळ्या मोबाईल नंबरांचे अर्ज गुण्यागोविंदाने राहतात. ‘सध्याचा वापरकर्ता’ असा एकच कप्पा सेशनमध्ये ठेवला असता तर दुसऱ्या टॅबच्या ओटीपीने पहिल्या टॅबचा मालक बदलला असता आणि वरचा घोळ नव्या रूपात परत आला असता.

उद्या परत आलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा ओटीपी, मग त्याच्या नंबरावरच्या कच्च्या अर्जांची यादी. सेशन मेलं तरी काही बिघडत नाही.

पायरी २: प्रत्येक पानाचा फेरा

पान ‘गेट’ने, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या विनंतीने, मागितलं की कच्चा अर्ज वाचून फॉर्म भरून दाखवायचा. त्या वेळी काहीही लिहायचं नाही. ‘पोस्ट’ने आलं की क्रम पाळायचा: टोकन तपासा, परवानगी तपासा, माहिती स्वच्छ करा, नियम लावा, लिहा आणि ३०३ (‘आता त्या पानावर जा’ असं ब्राउझरला सांगणारं) उत्तर देऊन पुढच्या पानाच्या ‘गेट’वर पाठवा. हा ३०३ फार कामाचा. तो दिला की रिफ्रेश केल्यावर फक्त ‘गेट’ पुन्हा होतो. तो नसेल तर क्रोम ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असं विचारतो आणि लोक न वाचता हो म्हणतात.

पुढच्या पानाचा वेबपत्ता सांगणारं लोकेशन हेडर पाठवल्यावर लगेच एक्झिट लिहा. हेडर पाठवल्याने पीएचपी थांबत नाही, खालचा कोड चालत राहतो. ‘परवानगी नाही म्हणून पुढे पाठवलं’ असं दिसतं, पण माहिती डेटाबेसमध्ये लिहिलेली असते. आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही तक्रार आली तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी मोकळी ओळ आहे का किंवा फाइल बीओएमसह (सुरुवातीच्या अदृश्य बाइटांसह) सेव्ह झाली आहे का ते बघा. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की हे होऊ शकतं.

माहिती स्वच्छ करताना चार गोष्टी सुटतात.

टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे येतच नाही. ‘जे आलं ते जुन्यावर लिहा’ असा कोड असेल तर एकदा केलेली ‘लॉकर हवा’ ही टिक नंतर काढता येणार नाही, माणूस काढत राहील आणि ती परत येत राहील. म्हणून प्रत्येक पायरीच्या फील्डची यादी सर्व्हरवर पक्की ठेवा आणि चेकबॉक्स आला नाही म्हणजे ‘नाही’ असं धरा. याच यादीमुळे कुणी स्वतःहून ‘स्थिती = पक्का’ असं जास्तीचं फील्ड घुसवलं तर तेही आपोआप गळतं.

डिसेबल केलेलं फील्डही येत नाही. रीडओन्ली येतं. दाखवायचं पण बदलू द्यायचं नाही, तर मजकूर साधा छापा.

मराठी कीबोर्डवरून पिन कोड ‘४४००१०’ असा देवनागरी आकड्यांत येतो. फक्त इंग्रजी आकडे ओळखणारा नियम तो नाकारतो आणि भरणाऱ्याला कळत नाही की चुकलं काय. नियम लावण्याआधी दहाही अंक बदलून घ्या.

चूक असेल तर तोच फॉर्म भरलेल्या मजकुरासह परत दाखवा, ४२२ (‘माहिती नियमात बसत नाही’) या स्थितीने. इथे ३०३ ची गरज नाही, कारण काही लिहिलेलंच नाही. परत छापताना प्रत्येक किंमत एचटीएमएलस्पेशलकॅर्समधून काढा. नाहीतर नावात अवतरणचिन्ह आलं की फील्ड अर्ध्यावर तुटतं आणि मुद्दाम केलं तर पानात स्क्रिप्ट चालते.

पायरी ३: आवृत्ती आणि मागे जाण्याचं बटण

एकच अर्ज दोन ठिकाणी उघडा असू शकतो, दुकानात आणि विद्यार्थ्याच्या मोबाईलवर. शेवटी जो जमा करेल तो आधीच्याचं काम पुसेल. यासाठी फॉर्ममध्ये आवृत्तीचा आकडा हिडन ठेवा आणि लिहिताना अशी अट घाला: अर्ज-खूण ही आणि आवृत्ती अजून तीच असेल तरच बदल करा, आणि बदलताना आवृत्ती एकने वाढवा. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर मध्ये कुणीतरी लिहून गेलं. (किमती त्याच असतील तर मायएसक्यूएल बदल शून्य सांगतं, पण इथे आवृत्ती दरवेळी वाढते, त्यामुळे ती फसगत होत नाही.)

मात्र याचा एक उलटा फटका आहे. माणूस दुसऱ्या पानावरून ब्राउझरच्या बॅक बटणाने पहिल्यावर आला की ब्राउझर कित्येकदा सर्व्हरला न विचारता आठवणीतलं जुनं पान दाखवतो, जुन्या आवृत्तीसह. त्याने पत्ता दुरुस्त करून पुढे दाबलं तर ‘दुसऱ्या कुणी बदल केला आहे’ असा संदेश, आणि तो दुसरा कुणी म्हणजे तोच! फॉर्मच्या पानांना ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ (हे पान साठवू नका) हेडर द्या. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ‘पेजशो’ घटनेत ‘पर्सिस्टेड’ खरं असेल (म्हणजे पान आठवणीतून आलं असेल) तर पान रीलोड करा. एवढं करून संघर्ष झालाच तर टाइप केलेलं फेकू नका. आताची नोंद आणि त्याने लिहिलेलं, दोन्ही शेजारी दाखवून निवडू द्या.

पायरी ४: सेशनच्या सेटिंग

कुकीला एचटीटीपीओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जावी) आणि सेमसाइट=लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत जाऊ नये) लावा. यूज_स्ट्रिक्ट_मोड (सर्व्हरने न दिलेला सेशन क्रमांक न स्वीकारणं) मुळात बंद असतो, तो सुरू करा. ओटीपी जुळला की सेशन_रीजनरेट_आयडी करा, म्हणजे सेशनला नवा क्रमांक मिळतो आणि आधी कुणी ठरवून दिलेल्या क्रमांकाला ही नवी परवानगी मिळत नाही.

सुरक्षा टोकन ३२ रँडम बाइटचं, पूर्ण सेशनसाठी एकच. प्रत्येक पानाला नवं टोकन देऊन जुनं रद्द करणारे कोड पाहायला मिळतात. चार टॅबमध्ये त्यातले तीन फॉर्म लगेच निकामी होतात, आणि सुरक्षेत फारशी भर पडत नाही. जुळवणी हॅश_इक्वल्सने करा. टोकन जुळलं नाही तर ‘पेज एक्स्पायर्ड’ एवढंच सांगून हात झटकू नका. काहीही न लिहिता फॉर्म टाइप केलेल्या मजकुरासह आणि नव्या टोकनसह परत दाखवा, पुन्हा ‘पुढे’ दाबलं की झालं.

पीएचपी एका सेशनची फाइल एका वेळी एकाच विनंतीला देतं. एका टॅबमध्ये फोटो सेव्ह होत असेल तर बाकीचे टॅब नुसते गोल फिरत राहतात. सेशनमधून हवं ते वाचलं-लिहिलं की सेशन_राइट_क्लोज करून मोकळे व्हा.

पायरी ५: फोटो

फाइलचं फील्ड ब्राउझर कधीच परत भरून देत नाही. सुरक्षेसाठी तसा नियमच आहे. म्हणून फोटो इतर फील्डबरोबर न घेता त्याचं पान वेगळं ठेवा. आला की लगेच अर्ज-खुणेच्या नावाने, वेबवर थेट न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पानावर ‘फोटो मिळाला’ म्हणून तो दाखवा.

मर्यादांकडे लक्ष द्या. पीएचपीत मूळ सेटिंग एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण पोस्टला ८ एमबी. फक्त पहिली ओलांडली तर त्रुटी क्रमांक १ मिळतो, तो वाचून नीट संदेश देता येतो. दुसरी ओलांडली तर पीएचपी सगळी पोस्ट माहिती रिकामी करून टाकतं. मग सुरक्षा टोकनही रिकामं आणि विद्यार्थ्याला संदेश दिसतो ‘टोकन चुकीचं’. तुम्ही दोन दिवस टोकनचा कोड तपासत बसता, आणि कारण असतं मोबाईलच्या कॅमेऱ्याचा ९ एमबीचा फोटो. टोकन तपासायच्या आधीच बघा: पद्धत पोस्ट आहे, माहिती रिकामी आहे आणि कंटेंट-लेंग्थ मर्यादेपेक्षा मोठी आहे का? तर ‘फोटो मोठा आहे’ असं सांगा. पीएचपीच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते, तिथे पीएचपीपर्यंत पोचण्याआधीच ४१३ (‘विनंती फार मोठी’) येतो.

पायरी ६: खुर्ची अडवून ठेवणं

२७ नंबरची खुर्ची खिडकीजवळ, कूलरसमोर. मे महिन्यात ती सगळ्यांनाच हवी. ‘मोकळी आहे का’ विचारून मग लिहिलं तर या दोन कृतींच्या मध्ये दुसरा घुसतो. हे काम डेटाबेसकडे द्या. ताब्याच्या तक्त्यात महिना, बॅच आणि खुर्ची या तिन्हींवर मिळून युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे तेच तिन्ही असलेली दुसरी ओळ डेटाबेस घेणार नाही. एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा एका घासात) त्या खुर्चीचा मुदत संपलेला, फी न भरलेला ताबा पुसा आणि आपला घाला. मायएसक्यूएलची त्रुटी १०६२ (‘अशी ओळ आधीच आहे’) आली तर खुर्ची गेली, दुसरी निवडायला सांगा. आधीच्या निवडीवरचा स्वतःचा ताबा सोडायला विसरू नका, नाहीतर एकच माणूस पाच खुर्च्या अडवून बसेल.

मुदत १५ मिनिटं पुरे. ती मायएसक्यूएलच्या घड्याळानेच लिहा आणि त्याच घड्याळाने तपासा. पीएचपी भारतीय वेळेवर आणि मायएसक्यूएल यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर) असेल तर पीएचपीने लिहिलेली १५ मिनिटं मायएसक्यूएलच्या लेखी पावणेसहा तास होतात. फीच्या पानाकडे जाताना मुदत नव्याने १५ मिनिटं करा. तरीही पैसे उशिरा आले आणि खुर्ची गेलेली असली तर काय करायचं, दुसरी द्यायची की पैसे परत, हे अभ्यासिकेच्या मालकाकडून आधीच ठरवून घ्या. तो निर्णय प्रोग्रामरने घेऊ नये.

पायरी ७: पैसे भरून परत येताना

काही पेमेंट गेटवे काम झाल्यावर ब्राउझरला तुमच्या साइटवर ‘पोस्ट’ करून परत पाठवतात. ही विनंती दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट असते, म्हणून सेमसाइट=लॅक्स कुकी तिच्यासोबत येत नाही. २०२० मध्ये क्रोम ८० पासून, कुकीवर काहीच लिहिलं नसेल तर ती लॅक्स धरायला सुरुवात झाली आणि अशा कितीतरी साइटवर पैसे भरून परतलेला माणूस लॉगआउट झालेला दिसू लागला.

परतीच्या पानावर सेशन_स्टार्ट केलं तर आणखी बिघडतं. कुकी आलेली नाही म्हणून पीएचपी नवं सेशन काढतं, नवी कुकी देतं आणि जुनी त्याखाली गाडली जाते. म्हणून या एका पानावर सेशन सुरूच करायचं नाही. गेटवेने दिलेली सही तुमच्या गुप्त किल्लीने तपासा, ऑर्डर क्रमांकावरून अर्ज शोधा, रक्कम जुळते का बघा, नोंद करा आणि ३०३ ने आपल्याच पावतीच्या पानाच्या ‘गेट’वर पाठवा. त्या ‘गेट’बरोबर लॅक्स कुकी पुन्हा येते आणि सेशन जागेवर सापडतं. सेमसाइट=नन करून प्रश्न मिटवणारे सल्ले मिळतील. त्याने कुकी सगळीकडूनच यायला लागते, गरज नसताना दार उघडू नका.

यूपीआय अॅपमध्ये गेलेला माणूस ब्राउझरकडे परत येईलच असंही नाही. फोनची मेमरी कमी असेल तर टॅब मारला जातो. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला जो थेट निरोप पाठवतो, तोच पक्का मानून ‘फी बाकी’चं ‘पक्का’ करा. हा निरोप दोनदाही येतो. व्यवहार क्रमांकावर युनिक इंडेक्स असला की दुसरा आपोआप निष्फळ ठरतो. बटण दोनदा दाबणाऱ्यांसाठीही इलाज तोच. जावास्क्रिप्टने बटण बंद करणं दिसायला बरं, पण भरवशाचं नाही.

चालू करण्याआधी हे करून बघा

दोन टॅबमध्ये दोन अर्ज आलटून पालटून भरा, एकेक पान. चौथ्या पानावरून बॅकने पहिल्यावर या, पत्ता बदला, पुन्हा पुढे जा. तिसऱ्या पानावर असताना ‘अॅप्लिकेशन’ टॅबमधून सेशनची कुकी हाताने पुसा आणि ‘पुढे’ दाबा. टोकन जुळणार नाही म्हणून आधी तोच फॉर्म परत येईल, पुन्हा दाबलं की ओटीपी मागून त्याच पानावर परत यायला हवं. नेटवर्क ‘स्लो’वर ठेवून जमा बटण तीन-चारदा दाबा आणि डेटाबेसमध्ये ओळी मोजा. १० एमबीचा फोटो द्या. लॉकरची टिक लावा, पुढे जा, परत येऊन काढा. दुसऱ्याच्या अर्जाचा वेबपत्ता खासगी खिडकीत उघडा. एका ब्राउझरमध्ये २७ नंबर निवडा, दुसऱ्यात तोच निवडा, मग पहिल्याला सोळा मिनिटं तसंच सोडून पुन्हा बघा.

दुकानांसाठी प्रत्येक पानावर ‘हा अर्ज बंद करा’ असं बटण द्या. ते त्या एका अर्जाची खूण परवानगीच्या यादीतून काढेल, बाकीचे टॅब चालू राहतील. ‘सगळे बंद करा’ असेल तर सेशन उद्ध्वस्त करून कुकीही पुसा, सेशन_डिस्ट्रॉय एकट्याने कुकी पुसत नाही. आणि कच्चे अर्ज साठू देऊ नका. ३० दिवस हात न लागलेले ‘कच्चा’ स्थितीतले अर्ज रात्रीच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) फोटोसकट पुसा. ‘फी बाकी’ असलेल्यांना मात्र गेटवेकडे व्यवहाराची स्थिती विचारल्याशिवाय हात लावू नका.